कापडी टपाची गाडी: पॉइंट की इलेक्ट्रॉनिक

२ मार्च १९९४, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. डायरी वैजनाथच्या क्लासची. पानोपानी वर छापलंय, 'यश तुमचेच'. मी चौथी पास, पण अक्षर माझ्या मास्तर पोरापेक्षा बरं.
ठराव एकच. गाडी पंधरा दिवसांत चालू करायची आणि देवणीला तुळजाबाईकडे निघून जायचं. धाकटी बहीण आहे, घर पत्र्याचं, अंगण ऐसपैस. इथं लातुरात सिमेंटच्या स्लॅबखाली जीव कोंडतो. भीती वगैरे काही नाही. हवा लागत नाही.
गाडी यांची. निजाम गेल्यावर हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून घेतलेली. इंग्रजी, दोन शिटांची, कापडी टपाची, पळायला घोडी. आमचे आप्पासाहेब तिला रोज स्वतःच्या हातानं पुसायचे. मला कधी पाण्याचा तांब्या दिल्याचं आठवत नाही. ते गेले तशी गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे.
भूकंपापासून मी गाडीतच झोपते. राखण म्हणून.

५ मार्च
वैजनाथ आला. आई, पाच महिने झाले, आता आत झोप, लोक मला काय म्हणतील, म्हणे. म्हणलं, गाडीवर चोरांचा डोळा आहे. म्हणे, चालत नाही ती, चोर काय खांद्यावर नेणार? म्हणलं, म्हणून तर चालू करून राहिले.
मग खरं बोलला. त्याला शेड पाहिजे. वरच्या मजल्यावर क्लास बांधला, नवा फळा लावला, अन् औशाकडची पोरं जिना चढत नाहीत. स्लॅबखाली बसणार नाही म्हणतात. अंगणात उन्हात बसून फिजिक्स लिहितात. जूनच्या बॅचला पत्र्याची शेड दाखवली तरच ॲडमिशन होतील, म्हणे. तोवर गाडी चालू झाली तर तू ने, नाही झाली तर हैदराबादचं गिऱ्हाईक तयार आहे, अन् तू गपचूप हॉलमध्ये.
बघते कोण गपचूप बसतं.
एवढाली घोडी झाली, डॉक्टर व्हायला निघाली अन् छताला भितात. आमच्या वेळी असं नव्हतं.

९ मार्च
शिवप्पाला बोलावलं. मूळचा उदगीरकडचा, आता आमच्याच गल्लीतला मिस्त्री, यांच्या वेळेपासून गाडीला हात त्याचाच. मला अव्वा म्हणतो, वयानं माझ्याएवढाच आहे तरी. त्यानं इंजिनात एक काळी टोपी उघडून दाखवली. आत दोन बारके दाणे. त्यांना पॉइंट म्हणतात. जवळ येतात, लांब होतात, तेव्हा ठिणगी पडते अन् गाडी चालते. म्हणलं कळलं, सासूसुनेसारखं. सूनबाई सिंधू चहा घेऊन उभी होती, कप आपटून गेली. गाडी आमच्या घरात चालूच आहे म्हणायची.
पॉइंट जळालेत. शिवप्पा नवे घालतो म्हणाला. एवढ्यात वैजनाथ हातात खडू घेऊन आला. आई, पॉइंट जुनी गोष्ट झाली, घासतात, झिजतात, इलेक्ट्रॉनिक बसव, पुण्याहून मागवतो, एकदा लावलं की बघायला नको. शिवप्पा म्हणाला, मास्तर, बघायला नको हेच तर वाईट. पॉइंट रस्त्यात रुसले तर अव्वा उतरून पॉलिश पेपरनं घासतील अन् निघतील. तुमचा डबा रुसला तर बसा म्हणावं डब्यापुढं उदबत्ती लावून.
दोघं तासभर भांडले. मालकीण मी आहे, मी ठरवणार म्हणून सांगितलं. घाईनं ठरवायची ही गोष्ट नाही.

१२ मार्च
तूर्त पॉइंट घातले. नवी बॅटरी बसवली. सेल्फ मारला, दोनदा खोकली अन् सुरू झाली. अंगणातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. लगेच निघाले असते, पण शनिवार. सोमवारी बघू.
एक बरं झालं. चावी जराशी फिरवली की समोर लाल दिवा लागतो. इंजिन बंद, दिवा चालू. झोपताना तो लावून ठेवणार. पत्रा वाजला तर दिसावं तरी. राखणीसाठी.

१४ मार्च, सोमवार
गाडी मेली. बॅटरी उतरली, पॉइंट काळे. शिवप्पा कपाळाला हात लावून बसला. म्हणे, अव्वा, इंजिन बंद असताना चावी चालू ठेवायची न्हाई. कॉइल तापते, पॉइंट जळतात, बॅटरी बसते. म्हणलं, एवढं बेअक्कल कोण आहे या घरात? तो माझ्याकडं बघून राहिला. मी सिंधूकडं बघितलं.
मी चावी चालू करतच नाही. थोडीशी फिरवते.

२२ मार्च
पुन्हा नवे पॉइंट, पुन्हा जळाले. आता खात्री झाली, पॉइंटमध्ये दम नाही. शिवप्पाला तसं तोंडावर सांगितलं. त्यानं पान थुंकलं. आप्पासाहेबांनी बारा वर्षं याच पॉइंटवर हैदराबादच्या वाऱ्या केल्या, त्यांना कसा दम होता, म्हणे. म्हणलं, ते गेले, त्यांना काय विचारतोस.
निर्णय: इलेक्ट्रॉनिक. वैजनाथचा चेहरा फुलला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा आई माझं ऐकतेय, म्हणे. पन्नास नाही, त्रेचाळीस. मास्तर आहे अन् हिशोब असा.

६ एप्रिल
डबा आला. काळा, साबणाच्या वडीएवढा. ना दाणे, ना ठिणगी दिसत. शिवप्पानं तोंड वाकडं करून बसवला. पहिल्या सेल्फला सुरू! आवाजसुद्धा गोड. उद्या देवणी. तुळजाबाईला कार्ड टाकायला सिंधूला सांगितलं. ट्रंक भरली. सिंधूनं वाटेला धपाटे करून देऊ का म्हणून स्वतःहून विचारलं. एवढा आनंद बरा नाही दिसत सुनेला.

७ एप्रिल
डबा मेला. बॅटरीपण. शिवप्पा हसला. वैजनाथनं पुण्याला फोन लावला, तिकडचा माणूस म्हणे, रात्रभर चावी चालू राहिली होती का? वैजनाथ म्हणाला, नाही हो, आमच्याकडं सगळे शिकलेले आहेत.
पॉइंट नकोत, डबाही नको. तिसरं काही निघालंय का, विचारलं. शिवप्पा पान लावायला बसला, वैजनाथ क्लासवर गेला. मला इथून सोडायचं कुणाच्या मनातच नाही. सगळे मिळून कोंडून घालून राहिले. धपाटे दुपारी मीच खाल्ले.

१९ एप्रिल, दुपारी
थोडंसं हाललं. जास्त नाही, भांडी वाजली तेवढंच. पोरं किंचाळत सगळी शेडमध्ये घुसली. मी गाडीत होतेच, योगायोगानं. सृष्टी म्हणून एक पोरगी आहे औशाकडची, दार उघडून सरळ शेजारच्या शिटावर बसली. दार आतून दोन्ही हातांनी धरून ठेवलं तिनं. म्हणलं, बस. वर कापड आहे. पडलंच तर पदर पडल्यासारखं पडेल.
टपाकडं बघत म्हणाली, आज्जी, तुम्हीपण म्हणून इथं झोपता का?
आगाऊ कार्टी. म्हणलं, मी राखण करते.
मग तिनं विचारलं, रात्री दोघी बसतील का यात. म्हणलं, दोनच शिटं आहेत अन् एक माझ्या पायाला लागतं.
पोरीला संध्याकाळी भाकरी खाऊ घालून होस्टेलला पाठवली. सारखी मागं बघत गेली. वळण लावलं नाही घरच्यांनी.

११ मे
वैजनाथ म्हणतो, आई, पहिली जून ही शेवटची तारीख. गिऱ्हाईक येऊन गाडी बघून गेलं. कापडी टप हातानं दाबून बघत होता. माझं छत दाबायचं काय कारण?
शिवप्पानं तोडगा काढला. पुन्हा पॉइंट घालतो, पण बॅटरी रोज संध्याकाळी मी काढून घरी नेणार, सकाळी लावणार. का रे, म्हणलं. म्हणे, अव्वा, बॅटरीला तुमच्याकडं झोप लागत न्हाई. लई बोलतो अलीकडं.

१८ मे
आठवडा झाला. गाडी रोज सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पॉइंट नव्यासारखे. काय गौडबंगाल आहे कळत नाही.
अंधार फार होतो शेडमध्ये. सिंधूकडून कंदील मागवला. मच्छरांसाठी.

२७ मे
रोज वैजनाथ विचारतो, आई, आज निघायचं का? सोमवारी ऊन होतं. मंगळवारी तुळजाबाईकडं जायला वार बरा नसतो. बुधवारी वारं. काल विचारलं, मी म्हणलं, डोकं दुखतंय. तो म्हणाला, मी चालवतो, तू शेजारी बस. म्हणलं, मला येते चालवता.
येतेच. वीस वर्षं यांच्या शेजारी बसले. हे समोरच्याला शिव्या देत चालवायचे. शिव्या सगळ्या पाठ आहेत. बाकी राहिलं ते पायाचं काम.

१ जून, बुधवार, संध्याकाळी
आज निघाले.
सगळे अंगणात. सिंधू, वैजनाथ, शिवप्पा, क्लासची सगळी पोरं. ॲडमिशनला आलेले दोन पालकपण होते. ट्रंक शेजारच्या शिटावर. सेल्फ मारला, सुरू झाली. शिवप्पा ओरडून सांगत होता, अव्वा, क्लच, हळू, हळू. मला शिकवतो.
गाडी एकदम उडाली. गाडीला फार दिवसांची हौस होती, माझा दोष नाही. फाटकापर्यंत बरोबर गेले. फाटकाच्या दोन खांबांच्या मधे तिरकी जाऊन बसली. डावं दार एका खांबाला, उजवं दार दुसऱ्या खांबाला. ना पुढं, ना मागं. इंजिन बंद. मी आत.
ब्रेक तपासत होते, असं सांगितलं.
घरातलं कुणी बाहेर जाईना, बाहेरचं आत येईना. दुधवाला बाहेरून भांडं मागत होता. पालक बॉनेटवरून चढून गेले, वैजनाथ त्यांना सांगत होता, आमच्याकडं प्रॅक्टिकलवर भर असतो. पोरांनी ढकलली, हलेना. टप मागं दुमडून काढू म्हणाले, तर त्याच्या लोखंडी कमानी गंजून एकजीव झालेल्या.
शेवटी शिवप्पानं चाकू काढला. म्हणाला, अव्वा, डोळे मिटा. म्हणलं, मी कशाला मिटू. फाडलं. सगळं कापड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरून आभाळ दिसलं. चार पोरांनी काखेत हात घालून मला ज्वारीच्या पोत्यासारखी उचलली. त्यात सृष्टी पुढं. म्हणे, आज्जी, भिऊ नका. भितंय कोण.

३ जून
हैदराबादचा ट्रक आला. साखळी बांधून गाडी फाटकातून ओढून काढली. गिऱ्हाईकानं टप बघून भाव पाडला, वैजनाथनं हो म्हणून टाकलं. गिऱ्हाईक विचारत होता, यात काय ठेवू, पॉइंट की इलेक्ट्रॉनिक? शिवप्पा अन् वैजनाथ दोघं एकदम बोलायला लागले, ट्रक निघेपर्यंत भांडत होते.
मी ओसरीवरून सांगितलं, पॉइंट. बराच विचार करून सांगितलं. ट्रकचा आवाज होता.
शेडमध्ये संध्याकाळपर्यंत बाकं लागली. पोरं आनंदानं आत बसली.

४ जून, जेवणं झाल्यावर
हॉलमध्ये गादी घातलीय. वर पंखा आहे, त्याच्यासाठीच आले. छत एकदा बघितलं, ठीक आहे. सिंधूनं तिची गादी माझ्या शेजारी आणून टाकली. तिला म्हणे तिच्या खोलीत गरम होतं. दिवा मालवायच्या आधी विचारलं, आत्याबाई, अंगणाचं दार उघडं ठेवू का?
म्हणलं, तुला भीती वाटत असली तर ठेव.
ठेवलं तिनं.