पाचवी खुर्ची

१२ मार्च, रविवार

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण दुकानात गिऱ्हाइकं त्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे तो ऐकू येत नाही. जावईबापूंची पॅन्ट ढिली करून ठेवली आहे. त्यांना सांग, पोट कमी करण्यापेक्षा हे सोपं.

तुझ्या हट्टाने लावलेला इंग्रजीचा वर्ग चालू आहे. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि मी नेमका साठीतच शाळेत गेलो! गेल्या आठवड्यात मास्तरीणबाईंनी सांगितलं, आपली माणसं एका वाक्यात लिहा, प्रत्येकाची थोडी माहिती देऊन. मी सगळीकडे स्वल्पविरामच मारत गेलो. त्या म्हणाल्या, "अहो आजोबा! मुलगी, डॉक्टर, जावई, वकील, नातू आणि बिस्किटचोर, अशी सहा माणसं आहेत का तुमची?" सगळा वर्ग हसला. मग त्यांनी समजावलं: माणूस आणि त्याची माहिती यांच्यात स्वल्पविराम, एक माणूस संपून दुसरा सुरू होताना अर्धविराम, शेवटच्या माणसाआधी अर्धविराम देऊन 'अँड'. शिंप्याला ते लगेच कळलं. आत धावदोरा, जोडावर पक्की टीप.

वर्गाची एक रीत आहे. आपलं वाक्य आपण वाचायचं नाही, शेजारच्याने वाचायचं. माझ्या शेजारी कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मालकीणबाई बसतात. त्यांच्याबद्दल तुला लिहायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, टाळलं.

परवा नवं वाक्य लिहिताना मी ती रीतच विसरलो. त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. मराठीत सांगतो: "माझी मुलगी, जी डॉक्टर आहे; जावई, जे वकील आहेत; नातू, जो बिस्किटं चोरतो; आणि बेकरीच्या मालकीणबाई, ज्यांच्यामुळे माझी संध्याकाळ बरी जाते." शेवटचे शब्द त्यांनी पुटपुटतच वाचले. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि माझी पाचावर धारण बसली.

बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "लेकीला विचारलंत?"

"नाही."

"मग आधी तिला विचारा. मी कुठे पळून जातेय?"

म्हणून विचारतोय. आम्हाला लग्न करायचं आहे. तुझ्या आईची जागा तिचीच राहील. पण एकट्याने जेवताना घास उतरत नाही गं. तू रागावलीस तर मला सोसवायचं नाही, म्हणून इतके दिवस गप्प बसलो.

पुढच्या रविवारी तिघं जेवायला या. आपल्या टेबलाला चारच खुर्च्या आहेत. पाचवी मी घरून आणते, असं त्या म्हणतात. आणू देऊ का, एवढंच कळव.

पोस्टमनची वाट बघत दारातच बसलेला,
तुझा बाबा