जरा मन लावून बुडा

तीर्थस्वरूप मावशीस,

ओल्या भाच्याचा कोरड्या जागेवरून साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? काकांचा खोकला गेला, की अजून पहाटे तोच सगळ्यांना उठवतो? इकडे आम्ही दोघे भाऊ ठीक आहोत. म्हणजे मी ठीकच होतो, आणि धाकटा परवापासून माझ्याशी पुन्हा बोलायला लागला आहे. मधले काही दिवस तो मीठसुद्धा शेजारून मागून आणत होता, कारण आमचा मिठाचा डबा माझ्या हाताशी होता. तुझ्या कानावर काहीबाही आलंच असेल (मी तलावात जीव द्यायला गेलो होतो वगैरे), म्हणून खरं काय ते मीच लिहितो.

धाकट्याला जीवरक्षक व्हायचंय. तरणतलावाच्या फाटकावर प्रशिक्षणाची सूचना लागली होती, ती त्याने मला इतक्या वेळा वाचून दाखवली की भट्टीत पाव सरकवताना माझ्याही तोंडात तीच यायची. वय सोळा पूर्ण, नजर चांगली, कान वाहत नसावेत. इथवर मीसुद्धा बसत होतो. पुढे मात्र न थांबता चारशे मीटर पोहणे, हात पाण्याबाहेर धरून नुसत्या पायांवर तरंगणे, तळाशी टाकलेली जड वीट बुडी मारून वर आणणे आणि शेवटी बुडणाऱ्या माणसाला काठाला लावणे. आणि हे सगळं नुसतं प्रवेश मिळवण्यासाठी. एवढं आधीच यायला हवं, तर मग तिथे शिकवणार काय, असं मी विचारलं. धाकटा म्हणाला, "शिट्टी."

मी गेलो तो फक्त टॉवेल धरायला. पाण्याशी माझं नातं बादलीपुरतंच, हे तुला ठाऊक आहे. परीक्षक म्हणजे उभे-आडवे सारख्याच मापाचे एक गृहस्थ होते, आणि बोलायच्या आधी ते शिट्टी फुंकायचे, अगदी कुणाकडे चहा मागायचा असला तरी. पोहण्यात आणि तरंगण्यात बरेच जण गळले. धाकट्याने वीट आणली खरी, पण तो डोळे मिटून बुडी मारतो, त्यामुळे पहिल्या खेपेला तळाची जाळीच उपटून घेऊन आला. (ती परत बसवायलाही त्यालाच पाठवलं. म्हणजे त्याची परीक्षा इतरांपेक्षा जास्त झाली, असं माझं मत आहे. ते कुणी विचारलं नाही.) शेवटी सहा जण उरले आणि बुडणाऱ्याची पाळी आली.

या कामाला तिथे एक रबरी पुतळा असतो. तो नेमका कुठेतरी फाटला होता. पाण्यात सोडल्याबरोबर पायांत पाणी भरून तो तळाशी गेला, आणि त्याला वाचवायचं राहिलं बाजूला, नुसता बाहेर काढायलाच सगळ्यांना उतरावं लागलं. परीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं. वर्षानुवर्षं बेकरीत राबलेल्या माणसाचं अंग कसं होतं ते तू जाणतेस. त्यांची नजर माझ्यावर येऊन टेकली. शिट्टी वाजली.

"तुम्ही कुणाचे?"

"याचा मोठा भाऊ."

"या मग. कपडे राहू द्या अंगावर. खरे बुडणारे कपड्यांतच असतात."

पोहता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण समोर सहा ओली माणसं माझ्याकडे आशेने बघत होती, आणि त्यांत एक टपालवाली होती. (उंच, सावळी, आणि बोलायच्या आधी विचार करणारी. आपल्या घराण्यात ही सवय कुणालाच नाही.)

मी पाण्यात उतरलो, म्हणजे उतरवला गेलो, आणि मावशी, मी बुडेना. जन्मभर ज्या पाण्याला घाबरलो त्यावर मी आंबलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा वर आलो आणि तसाच राहिलो. एकेक उमेदवार यायचा, हनुवटीला धरायचा आणि मला होडीसारखा काठाला नेऊन लावायचा. धाकट्यानेही नेलं. पाच जण बघता बघता पास झाले. मला तर आभाळ बघत पडून राहायला आवडायलाही लागलं होतं. तेवढ्यात परीक्षक ओरडले, "अहो, तुम्ही झोपल्यासारखे दिसताय. जरा मन लावून बुडा."

कामात कुचराई केल्याचं आजवर मला कुणी म्हटलेलं नाही. शेवटची पाळी टपालवालीची होती. मी मनावर घेतलं. सगळा श्वास सोडला, हात वर केले, "वाचवा" म्हणायला तोंड उघडलं आणि अर्धा तलाव आत आला. पुढचं नाटक नव्हतं. मी तिचा गळा धरला, वेणी धरली, तिला घेऊन खाली गेलो. कशी कोण जाणे, ती सुटली, मागून आली, काखेतून हात घातला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "शांत व्हा. मी आहे."

आणि मावशी, मी झालो.

काठावर मी पाणी ओकत होतो, तेव्हा परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "वेळ गेली. नापास." तिने वेणी पिळली आणि बुटाच्या नाड्या बांधायला कोपऱ्यात जाऊन बसली. एकच नाडी ती पुन्हा पुन्हा बांधत होती. ते मला बघवेना.

"साहेब, मी खरंच बुडत होतो," मी म्हणालो. "मला पोहता येत नाही."

आता शिट्टी वाजली नाही. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा पास झालेला होता, गप्प बसला असता तर चाललं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, टपालवालीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा तांब्याने आंघोळ करतानाही बादलीचा काठ धरतो."

परीक्षक मटकन खालीच बसले. बुडणारा पट्टीचा पोहणारा असावा, असा नियम आहे म्हणे. तेव्हा ती शेवटची परीक्षा सगळ्यांचीच रद्द झाली. पाच जणांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापेक्षा तलाव बरा होता. पुढच्या रविवारी परीक्षक स्वतःच बुडाले, आणि सहाही जण पास झाले. टपालवाली पहिली आली. तरीही धाकट्याचा राग उतरायला वेळ लागला.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
थोरला भाचा

ता.क. तू म्हणशील, दोन गल्ल्यांवर राहतोस आणि रजिस्टर पत्र कशाला? तर रजिस्टर पत्र सही घेऊन हातात द्यावं लागतं, आणि तुझ्या गल्लीचं टपाल तीच वाटते. आत्ता हे पत्र तुला जिने दिलं ना, तीच. तिला आत बोलाव, बसव, घरी कोण कोण असतं ते काढून घे. (तू तर भाजी निवडता निवडता माणसाचं आजोळ काढतेस.) आणि बोलता बोलता माझा विषय सहज निघाला असं कर.

ता.ता.क. "शांत व्हा, मी आहे" हे वाक्य परीक्षेत म्हणावंच लागतं, त्याला वेगळे गुण असतात, असं धाकट्याने आत्ताच सांगितलं. म्हणजे सहाही जण मला तेच म्हणाले होते, धाकटासुद्धा, तोही अहो-जाहो करून. तरंगताना माझे कान पाण्यात होते म्हणून ऐकू आलं नाही. तरी वरचं काम करच.

आणखी एक. तू इथवर वाचेपर्यंत ती पुढच्या घरी गेलेली असणार, हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं. म्हणून उद्या आणखी एक रजिस्टर पाठवतो. त्यात नुसता कोरा कागद असेल, तो वाचत बसू नकोस. फक्त सही करायच्या वेळी तुला पेन सापडणार नाही, एवढं बघ.