वरच्या आळीची विकेट

पौड, ६ एप्रिल

ती. ताईस सुनीलचा सा. न. वि. वि.

आपण फोनवर बोललो की भांडतो आणि आईचं बीपी चढतं, म्हणून तिनं फर्मान काढलंय की जे काय असेल ते लिहा. किशोर रोज लवळ्याच्या कँटीनला भाजी पोचवतो, त्याच्या हातानं पाठवतोय. त्यानं वाटेत वाचलं तर वाचू दे.

तर तू आता इंजिनिअर होणार! नेटवरून टीव्ही कसा पोचवायचा ते शिकवायला कंपनीनं प्रत्येक केबलवाल्याच्या घरातलं एकच माणूस मागितलं, आणि बाबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खांबावर मी चढायचो. माकडांनी वायर तोडली की रानात मी पळायचो. (त्यातल्या एका माकडाची लई गंमत आहे, पण राहू दे.) मान्य, आयटीआय मी अर्धी सोडली, मग टेंपोवर कोकणात गेलो, मग गोव्यात शहाळी विकली. तिथला शेठ म्हणायचा... तेही राहू दे. पण गळ्यात पट्टा आणि एसीचा वर्ग तुला, आणि मला काय? आई शेजारणीला सांगत असते, आमची शीतल लवळ्याला शिकतीय. मी तिथंच चहा पीत बसलेला असतो, ताई.

आता खुशखबर ऐक. सुट्टीत येऊन वरच्या आळीला नवी लाइन जोडलीस ना, ती झकास चाललीय! खालच्या आळीत जुन्या वायरीवर विकेट पडते, लोक बोंबलतात, आणि वरच्या आळीत बॉलर अजून पळतोय. पारावर बसून मी हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. माणसं हसून लोळायची बाकी राहिली.

बाबांनी तुझ्यावर केलेल्या लोभातला थोडा उरला तर इकडं वळव.

तुझा
सुनील

लवळे, ९ एप्रिल

चि. सुनील यास अनेक आशीर्वाद.

पारावरचं तुझं कीर्तन इथवर ऐकू आलं. काल बाबांचा फोन होता. वरच्या आळीतले लोक जुनी वायर परत मागताहेत. आजूबाजूच्या गावांतल्या लाइनी एकेक करून गिळणारे मारुंजीचे दादासाहेब रविवारी घरी येताहेत, आपली लाइन विकत घ्यायला. बाबा म्हणाले, देऊन टाकतो, या वयात लोकांचं हसणं सोसवत नाही. लाइनच गेली तर मी शिकून काय करू, आणि तू जळून काय करशील?

उशीर होतो तो बिघाड नव्हे रे. नेटवरून चित्र तुकडे तुकडे होऊन येतं. घरातला टीव्हीचा डबा थोडे तुकडे आधी साठवतो आणि मग दाखवतो, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत एखादा तुकडा वाटेत अडकला तरी चित्र फुटत नाही. साठा थोडा कमी करणं मला आता जमतं, पण मग कधीमधी माणसांची तोंडं चौकोनी दिसतील. आमच्या मेधा मॅडम म्हणतात, आधी घरोघरी विचारा, मग हात लावा. माझी परीक्षा आहे, निघता येत नाही. तू जा. मला लोक ओट्यावर खुर्ची टाकून चहा देतात; तू थेट चुलीपाशी जाऊन बसतोस. मी जोडणी करून निघाले तेव्हाही दोन घरांनी, सुनील कधी येणार, असंच विचारलं होतं.

रविवारच्या आत जा. जेवणाची हयगय करू नकोस, आणि माझ्यावरचा राग आपल्या लाइनीवर काढू नकोस एवढंच मागणं.

तुझी
ताई

पौड, १७ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

गेलो होतो. खरं सांगतो, तुझ्या नावानं शिव्या ऐकायला मिळतील म्हणूनच गेलो. चार घरी मिळाल्याही, बरं वाटलं. मग सखूकाकूकडं गेलो. ती भाकऱ्या थापत होती. मी म्हणलं, काकू, ताई मॅच लवकर दाखवायची व्यवस्था करणार आहे. तर कलथा घेऊन माझ्यावरच आली!

म्हणाली, आजवर बाहेर ओरडा झाला की पिठाच्या हातानं पळायची, तवर विकेट पडून गेलेली असायची. जाहिरात बघून परत चुलीपाशी. आता खालच्या आळीत ओरडा झाला की ती भाकरी उतरवते, हात धुते, पदराला पुसत बाहेर येते, आणि तेव्हा विकेट पडते. आता कुटं ती माझ्यासाठी थांबाया लागलीय, तुझ्या भयनीला सांग, हात लावशील तर डबा फोडीन, असा निरोप आहे. पुढं गेलो तर घरोघर हेच. बायका खूश, चिडलेत ते पारावरचे बाप्ये, आणि त्यांना चिडवलं कुणी ते तुला माहितीय. सखूकाकूचा नवरा तर माझ्यादेखत म्हणाला, व्हय, राहू द्या तसंच.

रविवारी दादासाहेब ओट्यावर बसले होते. मी सगळ्यांसमोर हे सांगितलं. मागोमाग सखूकाकू आणखी पाचसहा बायका घेऊन आली. दादासाहेब चहा अर्धा टाकून उठले. बाबा सौदा नाही म्हणाले.

आणि मला काय म्हणाले? शीतलला कळव, उशीर आहे तसा राहू दे. बस्स. पुन्हा शीतलच! मी नुसता पोस्टमन. ताई, आतून जळजळ होते, खोटं कशाला बोलू. सोमवारी कान्हूचा टेंपो महाडला निघतोय, मी त्यात बसणार. तुझी लाइन तू सांभाळ.

भेटीअंती बोलूच, भेट झाली तर.

सुनील

लवळे, १९ एप्रिल

चि. सुनील यास अ. आ.

तुझं पत्र परवा मिळालं आणि त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. तुला ते तोंडावर कधी सांगणार नाहीत, म्हणून लिहिते. म्हणाले, लाइन सुनीलनं वाचवली. मशीन शीतल बघेल, पण माणसं सुनीलनं बघायची, तो नसेल तर ही लाइन चालवायची कशाला? बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. लहानपणापासून मी पहिल्या नंबरानं पास होत आले, माझ्यासाठी त्यांचा आवाज कधी असा झाला नाही.

हे तुला कळवू नये असं दोन दिवस वाटत होतं. सोमवार उलटू द्यावा, तू जावंस, घरी मी एकटी असावं, असंही वाटलं. आज परीक्षेचा निकाल लागला, मी पहिली आले. बाबांना फोन केला तर म्हणाले, छान, सुनील जाणार म्हणतोय, त्याला थांबव.

जळायचं असेल तर आता माझ्या शेजारी येऊन बस.

मायेत कमी पडले असेन तर पोटात घाल. परत वाचलं तर फाडीन, म्हणून न वाचताच किशोरच्या हातात देतेय.

ताई