आठवड्याची सुई आणि आमचं निरोगी घराणं

जामनगर,
गुरुवार

चि. लाभु,

तुझ्या मोठ्या बहिणीचे जय जिनेंद्र. जमाईराजांनाही सांग. त्यांचा खोकला थांबला असेल तर आनंद आहे, थांबला नसेल तर ओट्यावर बसून आल्यागेल्याला सल्ले देणं कमी करा म्हणावं. इकडे सर्वांना सुखशाता आहे, एक माझा उजवा गुडघा सोडून. तोही आता मार्गाला लागेलसं दिसतं. कसा, ते मीच लिहिते, कारण सून सांगेल तर स्वतःचं नाव आधी घालेल.

हाडांचे डॉक्टर गुडघा बदलायला तयार झाले, पण आधी बारा किलो उतरवून या म्हणाले. जसे काही मी ते पिशवीत घालून आणलेत आणि बाहेर चपलांपाशी ठेवून येईन. मी म्हटलं, मी चिमणीएवढं खाते. तर पारुल (सून, तोंड उघडायची एक संधी सोडत नाही) त्यांच्यादेखत म्हणाली, "बा, चिमणी दुपारी चार वाजता तूप लावून सहा खाखरे खात नाही." आता खाखरा हे काय खाणं आहे, तूच सांग. हाताला चाळा म्हणून मोडायचा, आणि मोडलाच तर टाकायचा कुठे?

आमच्या उपाश्रयात प्रवचनाला येणाऱ्या मंगुबेनने कुठून तरी वजन उतरवायच्या सुया मिळवल्या आणि आपल्या मनानेच टोचून घेतल्या. चार दिवस ओकत होती, पाचव्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटली की मी उपवास केले. मला असलं आंधळं काम करायचं नव्हतं. म्हणून डॉ. मांकडबाईंकडे गेले. वयाने पारुलपेक्षा लहान, पण बाईच्या डोक्यात काहीतरी आहे. आधी वजन केलं. मी चष्मा काढला, बांगड्या काढल्या, तरी काटा हट्टाला पेटलेला.

मग बाईंनी दोन सुयांची माहिती दिली. दोन्ही आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायच्या, दोन्ही भूक मारतात, दोन्हींची सुरुवात थोडक्याने, मग महिन्या-महिन्याने वाढ. मळमळेल, पोट साफ होणार नाही. एकीचा अनुभव डॉक्टरांना जास्त वर्षांचा, दुसरीने वजन जरा अधिक उतरतं. लाभु, मी पदर पुरता उलगडल्याशिवाय साडी घेतलेली नाही, इथे तर पोटाचा प्रश्न. मी विचारलं, "तुमच्या आईला कोणती दिली असती?" बाई म्हणाल्या, "माझी आई माझं ऐकत नाही, तिला कुठलीच नाही." तेव्हाच मला त्या आवडल्या.

मग मी खरा प्रश्न काढला. म्हटलं, हे बनतं कशातून? पारुलने खालून चिमटा काढला. इतक्या वर्षांत बाईंना हे कोणी विचारलंच नव्हतं म्हणे. (लोक काय काय टोचून घेतात आणि विचारत नाहीत.) त्यांनी संगणकात बघितलं, कोणाला तरी फोन लावला आणि सांगितलं की पहिली खमिरात वाढवून काढतात, दुसरी रसायनं जोडून करतात. मी म्हटलं, मग झालं. जिने आंबवलेला पाव जन्मात तोंडात घातला नाही, ती खमिराचं पोटात टोचून घेईल होय? बाई हसल्या. "बा, तुमचं वजन आणि तुमची साखर बघून मीसुद्धा दुसरीच लिहिणार होते." बघ, दहा वर्षं शिकून बाई जिथे पोचल्या तिथे मी चौथीवर पोचले.

उपवासावरून मात्र आमची जुंपली. मी सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही, महिन्यात दोन कोरडे उपवास करते, हे मी मान वर करून सांगितलं. बाई म्हणाल्या, सुई चालू असताना कोरडा उपवास बंद, उलट्या झाल्या तर मूत्रपिंडावर येईल. आणि दिवसा मोजून पाणी प्या. मी म्हटलं, उपाश्रयातल्या महाराजसाहेबांना विचारीन. त्या म्हणाल्या, "विचारा ना. पाणी पिऊन जा आणि विचारा."

शेवटी घराण्याची चौकशी झाली. घरात कोणाला गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचा कर्करोग होता का? त्यातला एक प्रकार रक्ताच्या नात्यात उतरतो, तसं असेल तर यातली एकही सुई देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी पदर सावरला आणि म्हटलं, आम्ही वांकानेरचे मेहता. सात पिढ्यांत कोणाला काही झालेलं नाही. माणसं गेली ती म्हातारपणाने, नाहीतर सुनांमुळे. पारुल छताकडे बघत बसली. बाईंनी 'नाही' लिहिलं. रक्त तपासायला दिलंय, येत्या बुधवारी पहिली सुई.

तेव्हापासून गल्लीतल्या बायका मलाच विचारायला येतात. मी एकच सांगते, डॉक्टरकडे जा, पण तोंड घरी ठेवून जाऊ नका.

मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर दे, नुसतं वाचून डब्याखाली घालू नकोस.

तुझी मोठी बेन,
झवेर

ता. क. वरचं सगळं पारुलने वाचलं आणि काना-मात्रा सुधारून दिल्या. आता ती दळण आणायला गेली आहे. हे खालचं तिने वाचलेलं नाही.

दुसरा ता. क. लाभु, तू एकोणीस वर्षांची असताना अहमदाबादला तुझ्या गळ्यातून जे काढलं ते काय होतं? बापूजींनी गावभर सांगितलं की पोर पालीताण्याला डोंगराच्या नव्व्याण्णव यात्रा करायला गेली आहे. परत आलीस तेव्हा गावच्या जैन संघाने तुझा बहुमान केला. तो हार तुझ्या टाक्यांना टोचत होता आणि तू हात जोडून उभी होतीस. तुझं लग्न ठरायचं होतं, म्हणून आपल्या घरात कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. मीही नाही. परवा बाईंपुढे 'नाही' म्हणताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही, इतकी सवय झाली आहे. कालपासून मात्र खाखराही उतरत नाही.

इस्पितळाचा कागद असेल तर बुधवारच्या आत पाठव. नसेल तर आठवेल ते लिही. फोन करू नकोस, आमच्याकडे फोन सगळे मिळून ऐकतात. तसलीच गाठ असेल तर मी सुई घेणार नाही, खाणं कमी करीन, त्याने मरायची नाही. पण मग तुझ्या मुलींनाही आपापले गळे दाखवायला हवेत, आणि ते तूच सांगायचंस. जमाईराजांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. आता तुला सहा नातवंडं आहेत, बाई. कोणी माहेरी परत पाठवणार नाही.