शेवयांखालचं धनुष्य

मुरुम,
६ मे १९८५

प्रिय शिवगंगे,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी टाक. मागचं पोचलं का नाही या घोरात मला चार दिवस जेवण गोड लागलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर सांभाळून वाच.

आधी आनंदाची बातमी. तू तिरंदाजीत देशात पहिली आलीस म्हणून आपल्या दूध सोसायटीनं ऑफिसातलं काचेचं कपाट तुझ्या वस्तूंसाठी रिकामं केलंय. वस्तू जमवायचं काम माझ्याकडं. मी दारोदार फिरलो. तू बोटांना गुंडाळायचीस तो सायकलच्या ट्यूबचा तुकडा गफारभाईंनी जपून ठेवला होता. तू भोक पाडलेला माठ भिमाबाईनं दिला; त्यात ती इतकी वर्षं कोथिंबीर लावत होती. आता जो तो मोडका बाण घेऊन येतोय. एकवीस झाले, त्यातली एक तर छत्रीची काडी आहे! ईरण्णा चेअरमन म्हणतो, "आप्पा, पोरगी बाण मारत हुती का पेरत हुती?"

फक्त तुझं पहिलं धनुष्य मिळत नव्हतं. परवा शांताक्काच्या अंगणात गेलो. दोन बाजांच्या मधे आडवी काठी टाकून तिनं शेवया वाळत घातल्या होत्या. काठी वाकडी दिसली. जवळ जाऊन बघतो तर मधोमध तुझ्या लाल परकराची चिंधी गुंडाळलेली. मी हात पुढं करत तिथंच खाली बसलो. शांताक्का हसून म्हणाली, "बसा की, पण हात लावू नका. चॅम्पियनबाईचं असलं तरी शेवया वाळल्याबिगर न्हाय मिळायचं." मग भर उन्हात दोन तास मी चिमण्या हाकलल्या.

आता माझी अडचण. दुधाच्या कॅनला चिठ्ठी असते तशी प्रत्येक वस्तूला पाहिजे, असं ईरण्णाचं म्हणणं. वस्तू कुणी दिली, त्याच्याकडं कशी आली, सगळं लिहायचं. बाकीच्या चिठ्ठ्या झटक्यात झाल्या. धनुष्याच्या चिठ्ठीपायी तीन कागद फाडले.

बहात्तरच्या दुष्काळात आपण खडी फोडायला जायचो. दुपारी तू नेम धरत बसायचीस. त्यावरून मुकादम चारचौघांत मला बोलला, आणि घरी येऊन मी धनुष्य उकिरड्यावर फेकलं. तुला सांगितलं, शेळीनं मोडलं. तू तीन दिवस शेळीशी बोलली नाहीस. शांताक्कानं ते उचललं आणि आजवर कुणाजवळ शब्द काढला नाही.

चौथ्या कागदावर खरं ते लिहिलं: 'हे धनुष्य शिवगंगेच्या बापानं फेकलं, शांताक्कानं उचललं.' ती चिठ्ठी याच पाकिटात आहे. त्यासाठीच हे पत्र. सव्वीस तारखेला, रविवारी, कपाट उघडायचंय. तू यावंस आणि चिठ्ठी तुझ्या हातानं धनुष्याला बांधावीस असं वाटतं. नको वाटली तर फाडून टाक, पण ये. उमरग्याला उतरून एसटी बदल, विसरू नकोस. त्या गरीब शेळीवरचा आळ तेवढा आता निघू दे. धनुष्यावरच्या शेवया शांताक्कानं तुझ्या खिरीसाठी डब्यात भरून ठेवल्यात, आणि तो डबा ती मला उघडूसुद्धा देत नाही.

तुझाच,
आप्पा