मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं नाही

प्रिय बाय,

कालपासून गावात माझ्याशी कोणी बोलत नाही. आज पदेरानेसुद्धा पाव दारात टेकवले आणि सायकलचा भोंपू न वाजवता गेला. म्हटलं, तुलाच लिहावं. मेलीस म्हणून काय झालं? थोरली बहीण आहेस, माझी कटकट तुझ्याच वाट्याला!

तुला मारणाऱ्या पोराला फाशी व्हावी म्हणून काल गावाने रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. भाषेवरून ज्यांनी एकमेकांच्या कौलांवर दगड मारले, ते कोंकणीवाले आणि मराठीवाले खांद्याला खांदा लावून उभे होते. घटक राज्य मिळालं तेव्हा आले नाहीत एकत्र. सतरा वर्षांच्या पोराच्या गळ्यासाठी आले!

गावकराने नारळ हातात धरला. “बा देवा म्हाराजा, जेणां आमच्या बायेक मारल्यान, तेका फासार चढव.”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ म्हणालं.

ज्याच्या घरचं दुःख, त्याचा होकार शेवटी. त्याशिवाय नारळ फुटत नाही. सगळे माझ्याकडे वळले.

“बोल मरे बाबू,” गावकर कुजबुजला. “भैण तुजी.”

“भैण माझी, म्हणूनच. हे गाऱ्हाणं माझं नाही.”

मागून ट्रकवाले शेठ ओरडले, “पोरगो कसलो? राक्षस तो!”

शेठ बोलले, बघ! बारा वर्षांच्या त्या पोराला सावंतवाडीकडून आणून यांनीच खनिजाच्या ट्रकवर क्लीनर केलं. चुकला की पाना फेकून मारला. मी म्हटलं, “शेठ, पगार देताना तो पोरगा होता. फासाच्या वेळी एकदम बाप्या कधी झाला?”

नारळ तसाच राहिला.

मी त्याला माफ केलं, असं मात्र समजू नकोस. पाणी मागायला आला, तू पेज वाढलीस, आणि त्याने दोन पाटल्यांसाठी तुझ्याच घरातलं मुसळ तुझ्या डोक्यात घातलं. कोर्टात त्याला पाहिलं तेव्हा माझे हात शिवशिवले. पोलीस मध्ये नसते, तर सरकारचं काम मीच हलकं केलं असतं. आणि तूही! पाणी मागणाऱ्याला थेट पानावर बसवायची कसली हौस गं तुला?

पण ज्याला मत द्यायची अक्कल नाही, ट्रक चालवायचा परवाना नाही, असं सरकारच म्हणतं, सोळा उलटली की कायद्याला फाशी चालते म्हणून त्याच्या गळ्याचं माप घ्यायला तेच सरकार निघालंय. सतराव्या वर्षी माणूस पुरता घडलेला तरी असतो का? अर्धवट घडलेल्या पोराला पहाटे उठवायचं, हात बांधायचे, आणि शांत डोक्याने मारायचं. त्या दुसऱ्या खुनावर तुझं नाव लावणार! कोणाला विचारून?

मला सूड हवा आहे बाय. भरपूर हवा आहे. फाशी म्हणजे एका सकाळी तो मोकळा, आणि शेठही मोकळे. इतक्या स्वस्तात?

म्हणून तुला वचन देतो. कोर्टात उभा राहून मी सांगेन, फाशी नको. बारा वर्षांचं पोर कामाला जुंपल्याचा जाब शेठनाही त्याच कोर्टात द्यायला लावीन. आणि दर महिन्याला तुरुंगात जाऊन त्या पोरासमोर बसेन. तू कोण होतीस ते त्याला सांगेन. शाळेत दुसऱ्यांच्या पोरांचे शेंबूड कसे पुसायचीस, भजनात सूर कसा हमखास चुकायचीस, चवथीच्या नेवऱ्यांवरून, त्या करंज्यांच्या सारणावरून, माझ्याशी कशी भांडायचीस. तो रडेल, कानांवर हात ठेवील. मी थांबणार नाही. त्याची मिशी पिकेल, माझे दात पडतील, तरी सांगत राहीन.

मेलेली माणसं ऐकतात की नाही, मला ठाऊक नाही. हे लिहितानाही नाही. म्हणून तो जिवंत हवा.

तुझा फटकळ भाऊ,
बाबू