श्रीखंड एकदाच

१२ जानेवारी, सोमवार

पुरावा मागतो मेला! माझ्याच हाताचा पुरावा!

श्रद्धाच्या कॉलेजातला आमोद. येत्या रविवारी गॅदरिंगला कॉलेजातल्या पोरांवरचा तो जुना सिनेमा दाखवणार आहेत. त्यातल्या मेसच्या मावशींचा सत्कार करायचाय म्हणे. मी म्हटलं, ती मावशी मीच. तर म्हणतो, “आजी, तुमच्याआधी दोन जणी हेच सांगून गेल्यात.”

(हे सगळं लिही हं श्रद्धा. तुझा मित्र म्हणून गाळू नकोस. अक्षर नातीचं, अक्कल आजीची — असं ठरलंय आपलं.)

तर चाळीस वर्षांपूर्वी मी सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये वाढायला होते. तिथे शूटिंग झालं. सिनेमावाले साहेब म्हणाले, मावशी, हीरो दुसऱ्यांदा वाटी पुढे करेल, तुम्ही श्रीखंड वाढा. मी मान डोलावली. पण आमच्या मेसचा नियम असा, की रविवारच्या फीस्टला पोळ्या हव्या तेवढ्या खा, गोड मात्र एकदाच. वाटी समोर आली आणि मी विसरलेच की हा सिनेमा आहे. हाणला डाव त्याच्या बोटांवर — “एकदाच!” तो दचकून मागे सरकला आणि थेट आमटीच्या पातेल्यात बसला. आमटी गार होती, नशीब त्याचं. साहेब हसून हसून खुर्चीवरून खाली आले. तेच ठेवलं सिनेमात.

पडद्यावर दिसतो तो माझा हात, डाव आणि अर्धं तोंड. तेवढ्यावर पुणं अजून हसतंय.

१३ जानेवारी, मंगळवार

आमोद म्हणतो, सुरुवातीच्या पाट्यांत नाव असेल तर प्रश्नच मिटला. सत्काराच्या वेळी सगळ्यांसमोर पडद्यावर नाव थांबवून दाखवू.

नाव आहेच! हे होते तेव्हा दर वेळी थिएटरात पाट्या सुरू झाल्या की मला कोपर मारायचे. “बघ, गेलं तुझं नाव.” हे खडकीच्या फॅक्टरीत होते, सातवीपर्यंत शिकलेले. मला काय, सगळी अक्षरं मुंग्यांसारखी. बारा वेळा पाहिला सिनेमा, बारा वेळा खाल्लं कोपर.

तरी श्रद्धाला म्हटलं, मोबाइलवर बघून सांग. बराच वेळ बोट फिरवत बसली. मग म्हणाली, “हो आजी. आहे.”

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सगळ्यांशी गोड बोलले. श्रद्धाशी जरा कमी.

१५ जानेवारी, गुरुवार

आमोद आणि अस्मिता घरी आले. अस्मिता त्याच्याच वर्गातली, वऱ्हाडातून शिकायला आलीय, तोंडाने फटाकडी. दोघांनी आमच्या हॉलमध्ये तो प्रसंग करून दाखवला. आमोद पातेलं म्हणून माझ्या सोफ्यात बसला. एक शब्द चुकला नाही त्यांचा!

मी विचारलं, “अरे, तुमचे आईबाप तेव्हा चड्डीत होते. तुम्हाला यात हसायला काय येतं?”

अस्मिता म्हणाली, “मावशी, आमच्या मेसवाल्या काकूपण दुसरी वाटी देत नाहीत ना!”

म्हणजे कपडे बदलले, मोबाइल आले, मेस तीच. परीक्षेची भीती तीच, महिन्याच्या शेवटची कडकी तीच. आणि पोरांची भूक कधी जुनी होते का? तो हीरो पडतो तेव्हा ही पोरं स्वतःलाच हसतात. मी आपली डाव मारायला निमित्त.

पोरांना साबुदाण्याची खिचडी केली. दोनदा वाढली. मेस थोडीच आहे माझी.

१६ जानेवारी, शुक्रवार

लिही. मान वर करू नकोस.

मंगळवारी तू उत्तर द्यायला फार वेळ लावलास. नाव असतं तर पोर ओरडली असती, “आजी, हे बघ!” मी तीस वर्षं पोरांना वाढलंय. कोणाकडे कुपन नाही, कोण घरी पत्र न लिहिता ‘लिहिलं’ म्हणतो, मला तोंडावर दिसायचं.

“आजी, पण —”

“लिही म्हटलं ना!”

नाव नाही. म्हणजे हे बारा वेळा खोटं बोलले. काल पोरं गेल्यावर फार राग आला. यांच्या फोटोसमोरून जाताना पदर झटकला. मग वाटलं, बायकोचं मन राखायला बारा वेळा तिकीट काढून खोटं बोलणारा नवरा किती जणींना मिळतो?

पण आमोदने पाट्या लावल्यावर आठशे पोरांसमोर फजिती नको. त्याआधी मीच सांगणार. सत्कार नाही झाला तर नाही.

१८ जानेवारी, रविवार

सांगितलं!

आमोदने स्टेजवर बोलावलं. माइक घेतला. “मुलांनो, पाट्यांत माझं नाव शोधू नका. नाहीये. आमचे हे आहे म्हणायचे, ते मला बरं वाटावं म्हणून. पण डाव माझाच होता.”

आमोदचं तोंड पडलेलं. श्रद्धा माझा पदर ओढतेय.

तेवढ्यात मागून एक पिकल्या केसांचे गृहस्थ उठले. काठी टेकत स्टेजवर आले. “मी श्याम. निवृत्त मास्तर. सिनेमात हीरोच्या शेजारी चष्मेवाला दिसतो तो मी. मेसचाच मेंबर होतो.” मग पोरांकडे वळून म्हणाले, “शूटिंग संपल्यावर मीही यांच्यापुढे वाटी केली होती. तर म्हणाल्या, सिनेमा संपला, नियम संपला नाही!” आणि तिथेच त्यांनी माझ्यापुढे रिकामी ओंजळ धरली.

माझ्या तोंडून आपोआप गेलं — “एकदाच!”

काय हसली पोरं! काय शिट्ट्या! पडद्यामागे नेऊन शाल काय, फोटो काय. मास्तर बोलायचे थांबेनात. बाहेर पाट्या कधी येऊन गेल्या, कळलंही नाही. माझा हात आला तेव्हा मात्र आम्ही कडेला उभे होतो. आठशे पोरं एका आवाजात ओरडली. इतक्या पोरांना जेवू घातलं, पण असा ढेकर कोणी दिला नव्हता.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळीच आमोद लॅपटॉप घेऊन आला. काल मशीनपाशी तोच होता. चित्र थांबवलं आणि श्रद्धाला म्हणाला, “वाच.”

“द्वारका रंगराव शिळीमकर.”

कार्टी आत्ता सांगते, मोबाइलवरच्या सिनेमात पाट्याच नव्हत्या! आजीला वाईट नको म्हणून ‘हो’ म्हणाली. शुक्रवारी तेच सांगत होती, मी बोलू दिलं तर ना.

आठशे लोकांसमोर मी बारा वेळा खरं सांगणाऱ्या त्या माणसाला खोटं पाडलं!

आणि कोपर एवढं जोरात का बसायचं, तेही आज कळलं. माझ्या नावाला लागून यांचं स्वतःचंही नाव होतं ना!